हाताची पाठ

मी एक जुना सागवानी मालिशचा बाक आहे. माझा पणजा रानातला साग, आजा त्याची तुळई, बाप त्या तुळईतून घडलेला दरवाजा. आणि त्याच दरवाजाच्या फळ्यांचा मी. त्या तिघांनी ऊन, छप्पर आणि वारा पेलला. माणसांचा मूर्खपणा मात्र माझ्याच पाठीवर आला. मित्रांनो, मी संतापलो आहे, आणि तुम्हाला ऐकावेच लागेल.

चाळीस वर्षे या घरच्या मालिशवाल्या काकींनी माझ्यावर माणसे निजवली. आधी तळव्यांनी लांब चोळणे, तेही हृदयाच्या दिशेने. मग कणकेसारखे स्नायू मळणे. अंगठ्याने आखडलेली जागा दाबणे. शेवटी ओंजळ उपडी करून थोपटणे. ताठलेली मान सैल होई, झोप हरवलेला माणूस माझ्यावरच घोरू लागे. परंतु ताप, ताजी जखम किंवा मोडलेले हाड असेल, तर काकी आल्या पावली परत पाठवत. मणक्यावर त्यांनी कधी दाब दिला नाही. आणि तेल ऊन करण्याआधी हाताची पाठ अंगाला टेकवून पाहत. कारण तापलेल्या तळव्याला दुसऱ्याचा दाह कळत नाही.

ही रीत शेजारच्या नर्सबाईंची. काकींच्या यजमानांची एकच पोटरी सुजली, तेव्हा त्या ती चोळायला निघाल्या होत्या. नर्सबाईंनी मनगट धरले आणि काकींच्याच हाताची पाठ आधी सुजलेल्या पोटरीला, मग दुसरीला टेकवली: एक गरम, एक गार. "वेडी आहेस का? आत रक्ताची गुठळी असेल. सुटली तर थेट फुप्फुसात जाईल!" यजमान पुढे वीस वर्षे जगले. "हे ऋण कसं फेडू?" असे काकी मलाच विचारत.

मग कारभार सूनबाईंकडे गेला. हात बळकट, कान बंद! माझा एक पाय ढिला झाला. पाना शोधायलाही कुणाला सवड नाही.

परवा नर्सबाईंची लेक आली. लांबचा प्रवास करून एक पोटरी टम्म फुगलेली. तिचा दाह माझ्या फळीला कळत होता. सूनबाईंना कसा कळावा? त्यांचे तळवे तेलाने तापलेले.

"वहिनी, फार ठणकतंय हो."

"जोर लावला की पळतं सगळं!" म्हणत त्यांनी गुडघा माझ्यावर रोवला.

मला वाचा नाही. ढिला पाय तेवढा आहे. तो कर्रकन ओरडला.

"बाक मोडतेस की काय गं?" काकी काठी आपटत आल्या. सवयीने हाताची पाठ एका पोटरीला टेकवली, मग दुसरीला.

"हात काढ!"

"अहो आई, पण..."

"पणबिण चुलीत घाल. गाडी बोलाव. हिला चालवायचं नाही, उचलून न्यायचं."

दवाखान्यात गुठळीच निघाली. वेळेत औषध मिळाले.

मित्रांनो, जोर म्हणजे कसब नव्हे! कधी हात लावू नये हे ज्याला कळत नाही, त्याने माझ्याजवळ फिरकू नये. आणि माझा पाय आवळा. प्रत्येक वेळी ओरडायला मी बांधील नाही.

लेक घरी परतली, त्या दिवशी नर्सबाई आल्या. माझ्या कडेवर टेकून त्यांनी काकींचा हात हाती घेतला. "तुझ्या धन्याचा एक पाय, माझ्या लेकीचा एक पाय. फिटलं गं सारं."