काटा पासष्टवर

सोमवारी दुपारी काचपेटीतल्या मीटरचा काटा पन्नासच्या खाली उतरला आणि नलिनीबाईंच्या नवऱ्याला कात आली. पेटीतला अजगर मुलीचा. नोकरीसाठी जर्मनीला जाताना केतकी तो अकोल्याला आईबाबांकडे ठेवून गेली होती. "दमटपणा तेवढा पासष्टवर ठेव," तिनं बजावलं होतं. "कमी झाला तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. अडकून बसते."

अजगराचं अंग नितळ होतं. पुरुषोत्तमरावांचे मात्र डोळे दुधाळ झाले होते आणि घोट्यांजवळची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती.

"दुखतंय का हो?"

"नाही. सगळं तंग झालंय फक्त."

नलिनीबाईंनी केतकीला फोन लावला.

"ओढू नकोस हं, आई," केतकी म्हणाली. "आपसूक निघू दे. काटा कितीवर आहे?"

"अठ्ठेचाळीस."

"मग तो वाढव."

त्यांनी पेटीतला नारळाचा भुसा भिजवला, झाकणाच्या जाळीवर ओला पंचा टाकला. काटा ढिम्म. मग त्यांच्या लक्षात आलं, की काटा आता अख्खी खोली मोजतोय. त्यांनी खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबली, दारावर चादर भिजवून टांगली. काटा बावन्नवर आला. कात गुडघ्यांपर्यंत सरकली आणि तिथंच अडली.

चादर पाच मिनिटांत वाळत होती. त्या न्हाणीघराकडे धावत, बादली भरून परत येत, आणि दर खेपेला खोली वीतभर लहान झालेली असे. पाणी कमी लागू लागलं, पण वळायला जागा उरेना. चार वाजता पलंग चारही भिंतींना टेकला. नलिनीबाई नवऱ्याच्या पायांशी मांडी घालून बसल्या, पेटी मांडीवर घेऊन.

"बाहेर जाऊन बस जरा, नलू. दुपारपासून धावते आहेस."

"मी गेले की उतरतो हो काटा."

खरंच उतरत होता. त्या बोलल्या की चढत होता. म्हणून त्या बोलत राहिल्या. भाजी महागली, समोरच्यांनी गच्ची धुतली. काटा जेमतेम हलला. घसा कोरडा पडला. बोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "केतकीच्या आधीचं बाळ गेलं, त्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेलात."

काटा साठवर आला. कात कमरेवरून सरसरत छातीवर गेली.

"ऑफिसात नव्हतो गेलो," पुरुषोत्तमराव म्हणाले. "जिन्यात बसलो होतो. दिवसभर. घरी कसं यावं कळेना."

"मला सांगायचं नाही?"

"तू विचारलंच नाहीस."

पासष्ट.

कात डोक्यावरून एकसंध निघाली, कुठंही न फाटता. बोटं, नखं, कपाळावरच्या आठ्या, सगळं तिच्यातच राहिलं. नलिनीबाईंनी ती दोन्ही हातांनी झेलली. ती कोमट होती.

पलंगावर गुळगुळीत अंगाचा, लख्ख डोळ्यांचा माणूस उठून बसला. त्यानं त्यांच्याकडे अदबीनं पाहिलं.

"खिडकी उघडली तर चालेल का तुम्हाला?" तो म्हणाला. "फार दमट आहे इथं."

"नका," नलिनीबाई म्हणाल्या. पण त्यानं कडी काढली होती. उन्हाची झळ आत आली आणि त्यांच्या हातातली कात वाऱ्यानं भरू लागली. आधी पाय भरले, मग छाती, मग चेहरा. तिनं नलिनीबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना घेऊन ती खिडकीच्या कठड्यावर चढली.