तुटलेल्या कुलपाचं प्रात्यक्षिक

शनिवारी बेला गावच्या शाळेत रंजीताचं भाषण होतं, आणि गुरुवारी सकाळी तिचा विषयच मोडीत निघाला.

रंजीता याच मराठी शाळेत शिकलेली. आता ती हैदराबादला पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होती आणि भाषणासाठी गावी आली होती. उद्या क्वांटम संगणक आले की इंटरनेटवरची आजची कुलपं तुटतील. तेव्हाही टिकेल अशा एका नव्या कुलपावर तिचं काम चाललं होतं. कुलूप भक्कम होतं, पण संथ. त्याचा वेग वाढवण्यात तिनं तीन वर्षं घातली होती. ऑगस्ट २०२२ उजाडला आणि बेल्जियममधल्या दोघा गणितज्ञांनी ते साध्या संगणकावर तासाभरात उघडून दाखवलं. क्वांटम संगणकाची गरजही पडली नाही.

तिचे वडील चंपतराव भाजीपाला पिकवायचे. पोरीचं भाषण आहे हे त्यांनी आठवडी बाजारात वांगी तोलता तोलता साऱ्यांना सांगून ठेवलं होतं.

"मुख्याध्यापक सरांना फोन करून नाही म्हणते," रंजीता आईला म्हणाली.

रेणुकाबाई ओसरीत शेंगा निवडत होत्या. "काऊन? कोणाच्या घरात चोर शिरला का?"

"नाही गं. ते अजून वापरात आलंच नव्हतं. तपासणी चालू होती."

"मंग तोंड पाडून काऊन बसली? लोकायच्या दाराले लागल्यावर तुटलं असतं त?"

दुपारी रंजीता गच्चीवर चढली. रेंज तिथंच यायची. कुणीतरी कुलूप तोडायचा प्रोग्राम नेटवर सगळ्यांसाठी टाकला होता, तो तिनं उतरवून घेतला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. पाहिलं, आणि मग शाळेत काय बोलायचं तेही ठरलं.

शनिवारी मुख्याध्यापक यशवंतरावांनी आठवी-नववीची पोरं एका वर्गात बसवली होती. रंजीतानं फळ्यावर ठिपके काढले आणि ते रेघांनी जोडले.

"दोन माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. फोनवर बोलतात, आणि सगळं गाव ऐकतंय. तरी दोघांकडे एकच गुपित तयार व्हायला पाहिजे. कसं?"

तिनं एका ठिपक्यावर खडू टेकवला.

"हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक वक्ररेषा, आणि एकीवरून दुसरीवर जायच्या वाटा आहेत. दोघंही एकाच ठिकाणाहून आपापल्या गुप्त वाटेनं निघतात. कुठं पोचलो तेवढं सांगतात, वाट सांगत नाहीत. मग तो तिच्या ठिकाणाहून आपली वाट चालतो, ती त्याच्या ठिकाणाहून आपली. दोघं एकाच जागी पोचतात. तीच जागा त्यांची किल्ली. या कुलपावर मी तीन वर्षं काम केलं, आणि परवा ते तुटलं. आता तुमच्यासमोर तोडते."

यशवंतराव चपापले. पोरं मात्र पुढं सरकली.

तिनं कुलपाचा आकारानं लहान नमुना घेतला होता. सात मिनिटं लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला. मग पडद्यावर गुप्त वाटेचा आकडा उमटला. तो आधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून वर कागद चिकटवलेला होता. कागद काढला. आकडा तोच! वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि रंजीतालाही हसू आवरेना.

नववीतली चंदा उभी राहिली. "ताई, वाट त कोणी सांगितली नाय. मंग समजली कशी?"

"दुसऱ्याच्या ठिकाणाहून आपली वाट चालायची तर काही खुणा लागतात. दोघं एकमेकांना त्या पाठवायचे. त्या खुणांवरूनच फुटलं."

"मंग खुणा पाठवाच नाय."

"तसंही एक कुलूप आहे. तिथं वाटाच अशा आहेत की खुणा लागत नाहीत. पण ते याहून संथ चालतं, म्हणून मी त्याकडं..."

रंजीता मधेच थांबली. संथ चालणारं कुलूप वेगानं चालवायचं, एवढंच तर तीन वर्षं शिकली होती ती.

शाळा सुटल्यावर ती तशीच गच्चीवर गेली आणि पीएचडीच्या गाईडना फोन लावला. गुरुवारपासून ते सुतकात असल्यासारखे बोलत होते. खुणा न लागणाऱ्या कुलपाचा वेग वाढवायचा तिचा विचार ऐकून घेऊन म्हणाले, "दोन वर्षं जास्तीची लागतील."

"लागू द्या, सर."

"आणि तेही तुटलं तर?"

"तर तेही आमच्या शाळेत तोडून दाखवीन."

गाईड त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात शेजारच्या प्रयागबाई फोन घेऊन हजर. नातवानं पासवर्ड घातला होता आणि विसरला होता. त्यांच्यामागं आणखी दोघं उभे होते. चंपतरावांनी बाजारात सांगितलं होतं, "आमची रंजीता कोणतंही कुलूप सात मिनिटांत तोडते."

"बाबा, काय सांगून आले हो तुमी!"

"तूच तोडलं ना सगळ्यायसमोर?" चंपतरावांनी पाहुण्यांसाठी खाट टाकली आणि आत चहा सांगितला.