जांभळे डाग

नोरीन बोल्स क्लबच्या चहासाठी स्कोनच्या पावांना जॅम लावत होती, तेवढ्यात बेरिल चहाच्या भांड्याआडून पुढे झुकली.

"डल्सीला पाहिलंस? दोन्ही गालांवर जांभळे डाग गं, बोटाएवढाले."

"हो का?"

"पडली म्हणे! असं दोन्ही गालांवर सारखं पडता येतं होय कुणाला? हे तिच्या नवऱ्याचं, नेव्हिलचंच काम."

खाटकाच्या दुकानात, मग पोस्टात नोरीनने हेच ऐकलं होतं आणि काही न बोलता मान डोलावली होती. खरं नेव्हिल सोडला तर फक्त तिलाच ठाऊक होतं. डल्सी होबार्ट शहरात जाऊन चेहऱ्यावर लेसर मारून घेऊन आली होती. डाग आठवड्याभरात जाणार होते, मागोमाग लहानपणापासूनची गालांची लाली आणि तिच्यावरचे फोडही.

"कुणाला सांगू नकोस हं," डल्सी म्हणाली होती. "बक्षीस समारंभाला सगळ्यांना थक्क करणार आहे!"

नोरीनचेही गाल तसेच लाल. शाळेत नन दोघींना एका बाकावर बसवत आणि पोरं ओरडत, "आली टोमॅटोची टोपली!" पुढे मलमं, गोळ्या, सगळं दोघींनी मिळून केलं. वाइनचा थेंब सोडला, तरी गाव म्हणे, या दोघी सकाळपासूनच घेऊन बसतात. त्या हसत. हसायला दोघी होत्या.

आणि नेव्हिल स्वतः गाडी चालवत बायकोला घेऊन गेला होता. नोरीनचा नवरा ॲल्फ जिवंत असता तर म्हणाला असता, "या वयात तुझ्याकडे बघतंय कोण?"

शब्द दिलाय मी, नोरीन मनाशी म्हणाली आणि तिने दुसरा स्कोन मधून चिरला.

नेव्हिल हिरवळीवर खेळायच्या बोल्सच्या चेंडूंची पिशवी घेऊन आत आला. टेबलाभोवतीचं बोलणं थांबलं. कुणी खुर्ची सरकवली नाही.

"आज जोड्या भरल्यात," बेरिलचा नवरा खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या चाळत म्हणाला.

"बरं," नेव्हिल म्हणाला आणि पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. बायकोला शब्द त्यानेही दिला होता.

"तोंड दाखवायला लाज कशी वाटत नाही एकेकाला!" बेरिल मोठ्याने म्हणाली.

नोरीनने सुरी खाली ठेवली.

"लेसरचे डाग आहेत ते. गालांची लाली घालवायला डल्सी होबार्टच्या डॉक्टरांकडे गेली होती. नेव्हिलने बोटसुद्धा लावलेलं नाही तिला."

एकदम गलका झाला.

"दुखतं का गं?"

"खरंच जाते लाली?"

बेरिल नोरीनचा चेहरा निरखत म्हणाली, "मग तू का नाही गेलीस?"

नोरीनने बशी पुसायला घेतली. तिकडे कुणीतरी नेव्हिलच्या पाठीवर थाप मारली, कुणी खुर्ची दिली. थोड्या वेळाने तो चहा घ्यायला आला.

"डल्सी म्हणत होतीच," तो हळूच म्हणाला, "लोक काहीबाही बोलतात हे नोरीनच्या कानावर गेलं ना, तर ती क्षणभरही गप्प बसणार नाही."

नोरीनचे गाल कानांपर्यंत पेटले. नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं, पण त्याला काही वेगळं दिसलं नाही. साखर ढवळत तो खुर्चीकडे गेला.