पंख्याचा आवाज

मेन्नो पोपिंगाला आपल्या कानांचा गर्व होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. उत्तर जर्मनीतल्या लेअर गावात आणि आसपासच्या खेड्यांत त्याने जन्मभर वॉशिंग मशीन दुरुस्त केली होती. दारातून आत शिरतानाच तो सांगायचा, "बेअरिंग गेलंय," आणि उघडून बघावं तर बेअरिंगच गेलेलं असायचं. निवृत्त झाल्यावर एवढे तिखट कान घेऊन घरी बसायचं म्हणजे पंचाईतच होती. फ्रिजची घरघर, शेजाऱ्याचा बॉयलर, सगळं त्याच्या डोक्यात जायचं. मग त्याने एक नाद लावून घेतला. सुटे भाग मागवून संगणक जोडायचा, आणि तो असा की चालू आहे की बंद, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळू नये.

"लोकांना गाण्याचा नाद असतो," त्याची बायको हिल्के बेकरीत सगळ्यांना सांगायची. "आमच्याकडे काहीच ऐकू न येण्याचा आहे."

हिल्के स्वतः मात्र भरपूर ऐकू यायची. बेकरीच्या काउंटरमागून तिने घातलेली 'मॉइन' ही तिकडची रामरामाची हाक समोरच्या फुटपाथवरचा माणूस झेलायचा आणि रस्ता ओलांडून पाव घ्यायला यायचा. आवाज भरदार, थोडा खरखरीत आणि हसताना मध्येच फुटणारा. हा आवाज कुठे साठवून ठेवावा असं कुणाच्या मनात कधी आलंच नाही. फोनवर निरोप बोलून ठेवायचा तिला तिटकारा होता. घरातले व्हिडिओ तिनेच काढलेले, म्हणून त्यांत बाकी सगळे होते आणि ती नव्हती, आवाजानेसुद्धा नाही, कारण काढताना ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

शरद ऋतूत तिच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी चिमटा, मग पावांचा अख्खा ट्रे. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, औषध नाही. हात जातील, पाय जातील, आणि त्याच्याही आधी बहुधा जीभ जाईल.

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या टामेनबाईंनी त्यातल्या त्यात एक चांगली गोष्ट सांगितली. हिल्केने आत्ताच काही शे वाक्यं वाचून रेकॉर्ड केली, तर त्यांच्यावरून एक प्रोग्राम तिचा आवाज तयार करील. पुढे बोलता येईनासं झालं की तिने टॅबलेटवर लिहायचं आणि टॅबलेट तिच्याच आवाजात बोलेल.

"नाहीतर?" हिल्केने विचारलं.

"नाहीतर तयार आवाज असतात. चांगले असतात, स्पष्ट."

"म्हणजे ती स्टेशनवरची बाई," हिल्के म्हणाली. "गाडी उशिरा येत आहे, क्षमस्व. मेन्नो, त्या बाईच्या तोंडून मी तुला शिव्या द्यायच्या? नाही हं. मला माझाच आवाज पाहिजे."

टामेनबाई हसल्या आणि कपाटातून एक लॅपटॉप काढून त्यांनी टेबलावर ठेवला. प्रोग्राम यातच आहे, घरी न्या, वाचा, परत आणून द्या. मेन्नोने तो चालू केला, कान जवळ नेला आणि नाक मुरडलं.

"याचा पंखा फरफरतोय."

"फार नाही हो. बाकीचे पेशंट यावरच करतात."

"बाकीच्यांचं राहू द्या. जन्मभर हिच्या आवाजामागे ही फरफर ऐकू येत राहील. मी घरी नीट व्यवस्था करतो."

तो हिल्केसाठी भांडत होता, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. चूक तिथेच झाली, आणि ती प्रेमातूनच झाली, म्हणून तिला कुणी अडवलं नाही.

नीट व्यवस्था म्हणजे काय, तर तो प्रोग्राम एकाच कंपनीच्या संगणकांवर चालायचा. ते संगणक बंद डब्यासारखे येतात, उघडून आत हात घालायची सोय नाही. मेन्नोने असला डबा जन्मात विकत घेतला नव्हता आणि घेणारही नव्हता. पण त्या कंपनीची प्रणाली, म्हणजे संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, साध्या, हाताने जोडलेल्या संगणकावर बसवणारी हट्टी माणसं जगभर आहेत. कंपनीची त्याला परवानगी नाही आणि मदत तर नाहीच. काही अडलं तर एकमेकांनाच विचारायचं. मेन्नो रोज विचारायचा. पोर्तुगालमधला एक दंतवैद्य आणि ज्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं असा एक इसम त्याला उत्तरं द्यायचे.

"त्यांतल्या एकाला तरी बायको आहे का रे?" हिल्के विचारायची.

मागच्या खोलीत काम सुरू झालं. उष्णता ओढून घेणारा मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा, हळू फिरणारे पंखे, पंख्यांच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या, पत्र्याला आतून जाड फोम. नाताळच्या सुमाराला पडद्यावर ती परकी प्रणाली पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा मेन्नोने हिल्केला स्वयंपाकघरातून हात धरून आणलं. ती टाळ्या वाजवायला गेली, पण हात नीट जुळले नाहीत. "चला, उद्यापासून वाचते," ती म्हणाली.

पण माइक ओळखला जाईना. तो जमला तर संगणक झोपला की उठेना. उठायला लागला, तेव्हा मेन्नोला पॉवर सप्लायमधून एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. हिल्केला ती येत नव्हती. त्यांची मुलगी ओक्का ओल्डेनबुर्गहून रविवारी यायची, तिलाही नाही.

"मला येते," मेन्नो म्हणाला. म्हणजे विषय संपला.

शीळ खरंच आहे हे सिद्ध करायला तो खोलीचं रेकॉर्डिंग करायचा. तीनचा चहा दोघं आता तिथेच घेत, कारण हिल्केला एकटं बसवत नव्हतं. कपात खडीसाखर, तिच्यावर गरम चहा, साखर तडकल्याचा तो बारीक आवाज, मग कडेने सोडलेली साय. आणि मेन्नो बोट ओठांवर ठेवून म्हणायचा, "श्श. आता बोलू नकोस."

"माझा आवाज पकडायचाय ना तुला?"

"हिल्के, बिघडवलंस बघ. पुन्हा."

"आणि त्यासाठी मी गप्प बसायचं. वा रे वा! दवाखान्यात सांगितलं तर मला सोडून तुलाच दाखल करतील."

बिघडलेलं रेकॉर्डिंग तो लगेच पुसून टाकायचा. त्याची शिस्त होती, निकामी माल ठेवायचा नाही.

ओक्काला हे बघवेना. एका रविवारी ती टामेनबाईंकडचा लॅपटॉप परस्पर घेऊन आली आणि तिने तो स्वयंपाकघरात ठेवला. "बाबा, हा फरफरू दे, भुंकू दे, काहीही करू दे. आई आज वाचायला बसेल."

"एक आठवडा दे. नवा पॉवर सप्लाय पोस्टात आहे."

"तुझं प्रत्येक आठवड्याला काहीतरी पोस्टात असतं!"

मेन्नो तणतणत मागच्या खोलीत निघून गेला. हिल्केने लेकीचा हात धरला आणि खाली बसवलं. "राहू दे गं," ती म्हणाली. "हे काम काढून घेतलं ना, तर तो दिवसभर समोर बसून माझ्याकडे बघत राहील. ते मला सोसणार नाही."

"आणि तुझा आवाज?"

"इतक्यात कुठे पळतोय? तुला ऐकू येतोय ना?"

त्या दिवशी येत होता. ओक्काने लॅपटॉप परत नेला आणि नंतर त्या गोष्टीसाठी स्वतःला कधी माफ केलं नाही.

नवा पॉवर सप्लाय आला आणि शीळ थांबली. पण त्याच सुमाराला प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली, तिला नवी प्रणाली लागायची, आणि नवी प्रणाली मेन्नोच्या ग्राफिक कार्डाला ओळख दाखवेना. पडदा काळाच. दंतवैद्याने कळवलं की कार्ड बदल. कार्ड बदललं, तर त्याचा पंखा गुणगुणायला लागला. पुन्हा फोम, पुन्हा रबर, पुन्हा श्श. एक बरं झालं होतं, आताशा रेकॉर्डिंगं बिघडत नव्हती. हिल्के मुकाट्याने बसून राहायची, चहा घ्यायची, काही विचारलं तर मानेने हो-नाही सांगायची. तिला एकदाचं कळलं, असं मेन्नोला वाटलं.

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी त्याने संगणक चालू केला आणि पत्र्याला कान लावला. काही नाही. डोळे मिटले. भिंतीवरचं घड्याळ, बाहेर कुंपणावरचा एक पक्षी, आपलाच श्वास. संगणकाचा आवाज नव्हताच. जन्मात एवढं सुरेख काम त्याच्या हातून झालं नव्हतं आणि हे त्याला स्वतःलाच कळत होतं. "ओक्का!" तो ओरडला. "आईला घेऊन ये!"

ओक्काने चाकांची खुर्ची ढकलत आणली. मेन्नोने माइक हिल्केच्या तोंडासमोर नेमका बसवला, तिची शाल नीट केली आणि पडद्यावर पहिलं वाक्य आणलं. सकाळी बंदरावर खूप धुकं होतं.

हिल्केने ते वाचलं.

पडद्यावर सूचना आली, वाक्य समजलं नाही, पुन्हा वाचा.

तिने पुन्हा वाचलं. तीच सूचना. मेन्नोने माइक जवळ घेतला, वायर काढून परत खोचली, आवाजाची पातळी वाढवली. तिसऱ्यांदा वाचताना हिल्केच्या कपाळावर घाम आला. "माइकमध्ये काहीतरी आहे," मेन्नो म्हणाला. "कालपर्यंत उत्तम होता. कदाचित ड्रायव्हर..."

"बाबा."

"थांब, एक मिनिट. सेटिंग बघतो."

"बाबा, माइक चांगला आहे."

मेन्नोने मान वर केली. "हिल्के, परत एकदा," तो हळूच म्हणाला, आणि या खेपेला त्याने पडद्याकडे न बघता तिचं ऐकलं. शब्द एकमेकांत विरघळले होते. धुकं कुठे संपतं आणि बंदर कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. नाकातून येणारा, ओला, ओढत नेलेला एक सूर होता फक्त. त्यात खरखर नव्हती आणि हिल्केही नव्हती. दाराबाहेरून बेअरिंग ओळखणारा माणूस रोज तीन वाजता हिच्या शेजारी बसून चहा पीत होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दोन महिने होत आले," ओक्का म्हणाली. "मी फोनवर सांगितलं होतं तुला. तू म्हणालास, दमली असेल."

हिल्के रडत नव्हती. ती मेन्नोकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्याला रेकॉर्डिंगं आठवली. हिवाळाभराची, तारीखवार लावून ठेवलेली. ती सगळी हिल्के शेजारी बसलेली असतानाची. तो घाईघाईने एकेक लावायला लागला. खोलीची शांतता. खडीसाखर तडकल्याचा आवाज. कप बशीवर टेकल्याचा. कुठे तिचा श्वास, एकदा खोकला. आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला, स्वच्छ, ठसठशीत, मागे कसलीही घरघर नसलेला त्याचा स्वतःचा आवाज, "श्श. आता बोलू नकोस." जिथे जिथे ती बोलली होती, ते त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. जानेवारीतल्या एका रेकॉर्डिंगच्या शेवटी मात्र ती होती. भरदार, खरखरीत, हसू दाबत म्हणालेली, "झा..." आणि पुढे काही नाही, कारण मेन्नोने बटण दाबलं होतं. झालं का, असंच विचारणार असेल ती.

त्याने ते पुन्हा लावलं. पुन्हा. ओक्का उठून बाहेर गेली आणि स्वयंपाकघरातून तिच्या रडण्याचा आवाज आला.

सोमवारी त्याने टामेनबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एवढ्याशा तुकड्यातून काही करता येणार नाही, असं शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्यांना लॅपटॉपची आठवण करून देता आली असती. त्यांनी दिली नाही.

टॅबलेट आला. हिल्केचं एक बोट अजून चालत होतं. तीनचा चहा तिने मागच्या खोलीतच मागितला, जसा हिवाळाभर घेतला तसाच. मेन्नोने तिच्या कपात खडीसाखर टाकली, चहा ओतला, साय सोडली आणि कप तिच्या ओठांना लावला. तो घोट घोट पाजत होता आणि मनातलं बोलत होता, एकदाचं. मी गाढव आहे, हिल्के. मला पंखा ऐकू आला आणि तू नाही आलीस. मला काहीतरी बोल. शिव्या दे.

हिल्केने बराच वेळ बोट चालवलं. मग स्टेशनवरची बाई स्वच्छ, निर्विकार आवाजात म्हणाली, "संगणक खरंच शांत झाला आहे, मेन्नो."

ती थट्टा होती, की कौतुक, की क्षमा, हे हिल्केच्या आवाजावरून त्याला एका क्षणात कळलं असतं. या बाईच्या आवाजावरून काहीच कळेना. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, पण चेहऱ्याचे स्नायूही आता फारसे हलत नव्हते.

"अजून एक कप देऊ?" त्याने विचारलं.

तिने टॅबलेटला हात लावला नाही. बशीतला चमचा तिने एका बोटाने ढकलत ढकलत कपाच्या कडेपर्यंत नेला. तो दोनदा घसरला. मेन्नो मदतीला पुढे झाला, तर तिने डोळ्यांनीच नको म्हटलं. तिसऱ्या खेपेला चमचा कपात पडला. त्यांच्याकडे कपात चमचा म्हणजे पुरे, आता ओतू नका. लहान मुलालाही कळतं ते.

मेन्नोने किटली खाली ठेवली. चमचा कपात पडल्याची किणकिण संपली आणि खोलीत काहीही ऐकू येईनासं झालं.