रिकामे कॅन

"दिलेली वस्तू कुणी परत मागतं का हो?" शेजारीण म्हणाली आणि निळा कॅन दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

आमच्या ह्यांनी आमच्या स्वयंपाकघरातली स्टीलची घागर पुढे केली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली, बुडाला बोट लावून चाचपलं आणि मग कुठे कॅन सोडला.

"भोक नाही हो त्यात," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या, ते काही खोटं नव्हतं.

ह्यांची नोकरी नगरपालिकेच्या बागांत. पाठीवर पंप बांधायचा आणि तण मारायचं औषध फवारत पायवाटांवरून फिरायचं. औषध यायचं ते या जाड कॅनमधून. झाकण घट्ट, कितीही आपटा, फुटायचं नाव नाही. रिकामा झाला की फेकणं जिवावर यायचं. मग हे तो साबणाने, गरम पाण्याने धुऊन घरी आणायचे. पहिला आम्हाला, नंतरचे ज्याने मागितले त्याला. गल्लीत ह्यांना जो काही मान होता तो या कॅनमुळेच. सगळेच त्यात पिण्याचं पाणी भरायचे.

आज सकाळी मुकादमाने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, औषधावर बंदी आली. माणसाच्या रक्तात उतरतं म्हणे, विहिरीत उतरतं, पोटातल्या बाळालाही सोडत नाही म्हणे. उद्यापासून खुरपी घ्या. ह्यांनी एवढंच विचारलं, "आणि रिकामे कॅन?"

"ते घरी न्यायचेच नव्हते. त्यावर लिहिलेलं असतं की!"

लिहिलेलं असतं! चष्मा लावूनही दिसणार नाही अशा मुंगीएवढ्या अक्षरांत, तेही कुठल्या भाषेत कोण जाणे.

घरी येऊन ह्यांनी आमचा कॅन मोरीत ओतला. पाणी वाहून जाईपर्यंत बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पोरीकडे पण आहे."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

आमच्या मुलीला पाचवा महिना लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत. एक तिसऱ्यात गेलं, दुसरं सातव्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होतं असं कधीकधी. आम्हीही तेच धरून बसलो होतो.

खरं तर सगळ्यात आधी तिच्याकडेच जायला हवं होतं. पण ह्यांनी गल्लीच्या या टोकापासून सुरुवात केली आणि मीही काही म्हटलं नाही.

शिंप्याने हसण्यावारी नेलं. "काका, इतकी वर्षं पितोय, मेलो का? बंदीचं काय घेऊन बसलात! आज घालतात, उद्या उठवतात."

"ही बादली घे, पण कॅन दे बाबा."

त्याने बादलीवर एक पातेलंही मागून घेतलं. पलीकडच्या निवृत्त मास्तरांनी मात्र काही न घेता कॅन आणून दिला आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा काय दोष यात?" म्हणाले. हे तिथून जवळजवळ पळालेच.

दुपारपर्यंत आमच्या फळीवर दोन पेले आणि एक कढई उरली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज राग येईना, रडूही येईना. बधिर झाल्यासारखी मी कॅन दोरीत ओवत ह्यांच्यामागे चालत होते.

मुलीच्या इमारतीच्या जिन्यात हे थांबले. "तू सांग."

"तुम्ही दिलात, तुम्ही सांगा." बोलले आणि वाटलं, हासडून टाकावी ही जीभ.

मुलीने दार उघडलं. आत टीव्हीवर बंदीचीच बातमी चालू होती.

"बाळा, तो कॅन..."

"त्यातलं पाणी नाही पीत मी, बाबा. दुसरं गेलं तेव्हापासून."

"अगं, पण तो तर ओट्यावर असतो," मी म्हटलं.

"तुम्ही येणार असलात की आणून ठेवते. एरवी गच्चीत पडलेला असतो."

"तुला काही कळलं होतं का?" ह्यांनी विचारलं.

"कळलं काही नव्हतं. उन्हाळ्यात पाण्याला वास यायचा. म्हटलं, नकोच."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

तिने टीव्ही बंद केला. "सांगितलं असतं तर त्या दोघांचं तुम्ही स्वतःवर घेतलं असतं. किती हौसेने आणला होतात, भरून, खांद्यावरून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही दोघंही तेच पीत होतात गं. हे मला सुचलंच नाही बघ."

हे भिंतीला टेकून खाली बसले. "म्हणजे माझ्यामुळेच?"

"कुणाला माहीत, बाबा."

ती नाही म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही.

मग एकदम तिने पोटावर हात ठेवला. "हलतंय. बाबा, या ना, बघा." ह्यांचा हात धरून ती पोटाकडे न्यायला लागली, तसा ह्यांनी तो झटक्याने मागे घेतला.

"थांब. हात धुऊन येतो."

हे मोरीत गेले. नळ सुरू झाला. साबणाची वडी हातातून निसटून पडल्याचा आवाज आला, ती उचलल्याचा आला. पोटातलं हलायचं थांबलं, मुलीने पदर सारखा केला, तरी नळ चालूच होता. आम्ही दोघी ऐकत बसलो.