सरजाबाईचे सराटे

येलदरीच्या वीजघरात दत्तरावांनी उमर काढली. तिथल्या चाकांच्या घरघरीत राहून राहून त्यांना मोठ्यानं बोलायची आदत लागली होती. निवृत्त झाले तरी घरात ते असे बोलत, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं नवरा-बायकोचं जुंपलंय. सरजाबाईला त्याचं काही वाटत नसे. पण एका सकाळी दाढी करता करता ते खुर्चीतून घसरले, अर्धं अंग लुळं पडलं, आणि दवाखान्यातून परत आले ते हळू आवाजात बोलायला लागले. तेव्हा मात्र तिला घर खायला उठलं.

पाय सुधारला, जीभ सुधारली. उजवा हात तेवढा तसाच राहिला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, दिवसभर दाबत राहा म्हणाले होते. दत्तरावांनी तो शेजारच्या लिंबाजीच्या कुत्र्याला देऊन टाकला.

"मी काय लेकरू हाय का चेंडू खेळायला?"

आणि हात मांडीवर ठेवून त्यावर पंचा टाकून बसायचे. कुणाचं तरी सामान सांभाळायला घेतल्यासारखे.

त्यांची लेक संघप्रिया संभाजीनगरला औषधांच्या एका कंपनीत नोकरीला होती. बापाचं हे बसणं तिला बघवेना. पुढच्या खेपेला येताना तिनं आपलं जुनं खेळाचं यंत्र आणलं, टीव्हीला जोडलं, आणि बापाच्या पुढ्यात रिमोट ठेवला.

"बाबा, हे चेंडूपेक्षा बरंय. बोटं बी हलतील आणि टैम बी जाईल."

खेळ लढाईचा होता. दूरच्या कुठल्या ग्रहावर माणसं वस्ती करून राहिलेली, आणि तिथं आभाळातून जहाजं उतरलेली. त्या जहाजांतून मोठमोठी, पाठीवर कवच असलेली जनावरं निघत. सरजाबाई त्यांना खेकडे म्हणायची. आपण एका शिपायाला चालवायचं आणि खेकड्यांपासून वस्ती वाचवायची. रिमोटच्या डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्या अंगठ्यानं बघायचं, आणि उजव्या बोटाखाली बंदुकीचा घोडा.

दत्तरावांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी मी नुसता चालणार. बघणार बी न्हाई, मारणार बी न्हाई."

"मारायला मी हाय की," सरजाबाई म्हणाली. पिठाचे हात पदराला पुसत ती त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि रिमोटचा उजवा कान धरला.

अशी सुरुवात झाली. दोघं मिळून एक शिपाई. पहिले काही दिवस त्या शिपायाचे हाल कुत्रं खाईना. दत्तराव त्याला नदीकडं चालवत आणि सरजाबाई डोंगराकडं बघत राही. तो भिंतीला धडके, खड्ड्यात पडे, मरे, पुन्हा उठे.

"अगं, मी चालायलो तिकडं बघ की!"

"मी बघायले तिकडं तुमी चाला. डोळे आधी असत्यात का पाय?"

यावर संघप्रिया उशीत तोंड घालून हसायची. ती परत नोकरीवर गेली तरी खेळ चालू राहिला. दुपारची भाकरी झाली, भांडी पडली, की दोघं टीव्हीपुढं. लिंबाजी जाळं टाकून धरणावरून परतताना दारात थांबायचा, मासळी द्यायची विसरून बघत राहायचा. हळूहळू दोघांचं जमलं. इतकं जमलं, की त्यांनी दिशा बदलायच्या आत हिची नजर वळलेली असायची.

मग त्यांना सराटे सापडले.

त्या परग्रहावरल्या जिवांचा तो दारूगोळा. खेळात त्याचं नाव झाराक्स. दत्तराव त्याला झेरॉक्स म्हणत. पण सरजाबाईनं तो पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाली, "हे तर सराटे!" तिचंही चुकीचं नव्हतं. बांधावर चालताना पायात घुसतो तसाच चहूबाजूंनी काटे असलेला गोळा, फक्त जांभळा आणि आतून उजळलेला. साध्या बंदुकीच्या गोळ्या मोठ्या खेकड्याच्या पाठीवरून पत्र्यावरच्या गारांसारख्या उडून जात. सराटा मात्र कवचात रुतून बसे, भुंग्यासारखा गुणगुणे, गुणगुणता गुणगुणता तापे, आणि मग असा फुटे, की टीव्हीवरची वाटी सरकावी. खेकड्याचं कवच नारळासारखं उकले. हा माल दुकानात मिळत नसे. पडलेल्या जहाजांच्या सांगाड्यात कुठं एखादा, कुठं दोन, असा हुडकावा लागे.

आणि हुडकण्यात सरजाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकही सांगाडा ती तपासल्याशिवाय सोडत नसे. शिपायाच्या कमरेची पिशवी भरत चालली. मात्र त्यातला एक सराटा पहिल्या दिवशी, कसा फुटतो ते बघायला म्हणून मारला तेवढाच. पुढं तिनं त्यांना हात लावला नाही.

हा तिचा स्वभावच होता. लेकीनं आणलेले चांगले टॉवेल पेटीत, नव्या पातेल्यावरचा कागद अजून तसाच. अडचणीला लागतंय, हे तिचं उत्तर ठरलेलं.

वस्तीच्या वेशीवर एक राणी खेकडा बसला होता. त्याला मारल्याशिवाय वाट नव्हती. आठवडाभर दोघं तिथं मरत होते.

"मार की आता सराटे," दत्तराव म्हणाले.

"न्हाई."

"अगं याच्यासाठीच असत्यात ते!"

"आणि पुढं ह्याच्याहून मोठा आला तर? मंग काय करावं? थांबा, मी आपल्या गोळ्यांनीच मारते."

खेकड्यानं नांगी मारली. शिपाई पुन्हा मेला. दत्तरावांनी रिमोटचा आपला कान सोडून दिला.  मग पंचा उजव्या हातावर ओढून घेत म्हणाले, "ठेव जपून. माझा हात बी ठेवलाय न् जपून. कुणाच्या कामाला येतो बघू."

सरजाबाई उठून चुलीकडं गेली. दूध उतू गेलं तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बोरीला जायचं होतं. तिची धाकटी बहीण सुलाबाई तिथं राहायची, तिच्या नातीचं नामकरण होतं. बापाजवळ राहायला संघप्रिया मुद्दाम सुट्टी काढून आली होती. निघताना सरजाबाईनं नवऱ्याला औषधं दाखवली, पाणी कुठंय ते सांगितलं, पण कालचं काही ती बोलली नाही आणि तेही बोलले नाहीत.

बोरीला बुद्धवंदना झाली, पाळणा झाला, जेवणं झाली. सुलाबाईनं बहिणीचा चेहरा ओळखला. भांडी आवरताना तिनं विचारलं, "दाजी बरे हायेत न्?"

सरजाबाईनं सगळं सांगितलं. खेकडे, सराटे, पिशवी, सगळं. सुलाबाई आधी हसली. मग म्हणाली, "अगं पण बाई, ते बारूद न्हाई मागायले तुला. तू घोडा दाबतीस आणि ते नुसते चालतेत. आपल्या मनासारखं काहीतरी फुटावं, एवढंच म्हनायलेत ते."

 दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून सरजाबाईनं मनाशी पक्कं केलं. घरी गेल्याबरोबर टीव्ही लावायचा. म्हणायचं, घ्या, हे सगळे सराटे तुमचे. तुमी सांगाल तिथं मी मारते. एक बी ठेवायचा न्हाई. मनाशी असं ठरवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की शेजारच्या अनोळखी बाईला तिनं पिशवीतली केळी दिली.

घरात शिरली तर बाप-लेक दोघंही पलंगावर गप्प बसलेले. घर झाडलेलं, भांडी घासलेली. संघप्रियानं न सांगता भांडी घासली म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय, हे सरजाबाईला लगेच कळलं.

"काय झालं?"

"काही न्हाई," दोघं एकदम म्हणाले.

"ह्यांचं काही दुखायलंय का? औषध घेतलं न्?"

"घेतलं गं. तू पाणी पी, बस."

ती बसली. पाणी प्यायली. मग ठरवल्याप्रमाणं टीव्ही लावायला उठली, तशी संघप्रिया ताडकन उठली. "माय, आज राहू दे न् खेळ. दमून आलीस."

"दमले न्हाई. ह्यांना एक द्यायचंय." तिनं खेळ लावला, रिमोट घेतला, लेकीनं शिकवल्याप्रमाणं शिपायाची पिशवी उघडली.

पिशवी रिकामी होती.

तिनं बंद करून पुन्हा उघडली. एकही सराटा नव्हता.

"संघप्रिया!" तिचा आवाज चढला. "तूच उडवले न्? इतके दिवस एकेक करून जमवले मी, सांगाडे हुडकून हुडकून. ह्यांना द्यायचे म्हणून आले मी घाईघाईनं! दोन दिवस घर सोडलं तर तुला राहवंना?"

"माय, ऐक तर—"

"काय ऐकू? राणी तर तिथंच बसलीय अजून! मारले कुणावर मंग?"

"भिंतीवर," संघप्रिया पुटपुटली.

"भिंतीवर?"

"मी मारले!" दत्तराव ओरडले. अगदी वीजघरात ओरडायचे तसं. भांड्यांच्या मांडणीत काहीतरी वाजलं. सरजाबाई दचकून वळली. कितीतरी दिवसांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता.

"मी मारले," ते पुन्हा म्हणाले, जरा खाली येऊन. "पोरीला बोलू नगं. ह्या हातानं मारले." आणि पंचा बाजूला करून त्यांनी उजवा हात थोडासा उचलून दाखवला.

तिला काही समजेना. मग संघप्रियानं सांगितलं. तू नव्हतीस, बाबा म्हणाले, माझंच बोट ठेवून बघ घोड्यावर, होत तर काहीच न्हाई. मी ठेवलं. लय वेळ काहीच झालं न्हाई. मी च्या टाकायला उठले, आणि मागं धडाधड आवाज. बोट दाबलं गेलं होतं. पण दाबलेलं सुटेचना! माझ्याच चुकीनं बंदुकीत सराटे लागलेले. बाबा ओरडायले, सोडव, सोडव, तुझी माय मारील! मी बोट सोडवेपर्यंत सगळे भिंतीत.

"पूर्ण भिंत पडली," दत्तराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता.

"आणि हे मला फोनवर कामून सांगितलं न्हाई?"

बाप-लेकीनं एकमेकांकडं पाहिलं. "आमाला आधी पिशवीच आठवली," संघप्रिया म्हणाली. "हात हलला हे कितीतरी वेळानं ध्यानात आलं. मंग ठरवलं, तू आल्यावर दावायचं. पण तुझी भीती वाटायली."

सरजाबाई खालीच बसली, पलंगाच्या पायथ्याशी. "दाखवा," ती म्हणाली.

संघप्रियानं रिमोट बापाच्या मांडीवर ठेवला, बोट घोड्यावर टेकवलं. दत्तरावांनी डोळे मिटून घेतले. कपाळावर घाम आला. बोट काही हलेना. सरजाबाईला वाटलं, म्हणावं राहू द्या, झालं.  मग बोटाचं पेर पांढरं पडलं, किंचित वाकलं, आणि टीव्हीत एक गोळी सुटली. साधी गोळी, ठक् आवाजाची. त्यामागून दुसरी, तिसरी. बोट अडकलं होतं. सरजाबाईनं पुढं होऊन ते अलगद धरलं आणि उघडलं. ऊबदार होतं.

"एवढं भारी बारूद," ती म्हणाली, "भिंतीवर घातलं!" आणि रडायला लागली. दत्तराव डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. संघप्रिया चहा टाकायला गेली, आणि तिकडंच बराच वेळ राहिली.

डॉक्टर म्हणाले, मूठ आधी मिटते, उघडायला वेळ लागतो, पण आता लागेल तो फक्त वेळच. तो लागला. राणी खेकडा पुढं कितीतरी दिवस वेशीवर बसून होता, आणि त्याला मारायची घाई कुणालाच नव्हती. रोज दुपारी दत्तराव बोट दाबत, सरजाबाई ते सोडवी. मग ते अर्धं आपलं आपण सुटायला लागलं. मग एका दिवशी तिनं हात पुढं केला तर बोट आधीच मोकळं झालेलं. अंगठाही वळायला लागला. त्या दिवशी ते म्हणाले, "आता तू दुसरा रिमोट घे. दोघं दोन शिपाई होऊ."

तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण उजव्या बाजूची ती जागा सोडून पलीकडं बसताना तिला जरा चुकल्यासारखं झालं. संघप्रियानं पाठवलेला नवा रिमोट तिनं दोन्ही हातांत धरला. खेळ सुरू झाला. दत्तरावांचा शिपाई बंदूक जरा आडवीतिडवी नाचवत पुढं निघाला. तिचा मात्र जागेवरच गरगर फिरायला लागला, मग उलटा चालला, आणि सरळ दरीत गेला.

तिला बघता येत होतं, नेम धरता येत होता. चालायला ती शिकलीच नव्हती. इतके दिवस तिच्या वाटचं ते चालले होते.

दत्तराव हसले नाहीत. त्यांनी आपला शिपाई मागं वळवला आणि दरीच्या काठाशी आणून उभा केला. "डावा अंगठा हळू सरकव," ते म्हणाले. "गाळात पाय टाकावा तसा. आधी टेकव, मंग दाब."

तिनं टेकवला, मग दाबला. तिचा शिपाई एक पाऊल आला. मग दुसरं.

"आता डावीकडं बघ. तिकडं चढ हाय—"

"कुठं बघायचं ते मला सांगू नगा," सरजाबाई म्हणाली. "कसं चालायचं तेवढं सांगा."