बिनडोळ्यांची फौज

नगरमधल्या सावेडीच्या त्या मंगल कार्यालयाबाहेर एरवी नवरदेवाचा घोडा, बँडवाले आणि रुसलेले जावई उभे असायचे. त्या रविवारी दारावर बोर्ड होता, ‘टेबलावरच्या लढाया : प्रदर्शन व विक्री’. आत पंगतीची टेबलं मांडलेली आणि त्यांच्यावर बोटाएवढ्या शिपायांच्या फौजा एकमेकींच्या अंगावर धावून चाललेल्या. लढायाच त्या. मंगल कार्यालयाला त्यांचं काय नवल!

पुंजारामला मात्र नवल वाटलं. दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो आला होता, छातीशी पेढ्यांचं खोकं धरून. खोक्यात पेढे नव्हते. महिनाभर खपून रंगवलेले शिपाई कापसात निजवलेले होते. मागे त्याची लेक निकिता, तिचा हात त्याच्या कोपराजवळ, लागेल न लागेल असा.

“धरतीस काय सारखी? मी काय पडतोय व्हय?”

“गर्दी हाय ना, अण्णा.”

“ही गर्दी? गणपतीच्या आधी आमच्या कारखान्यात यायला पायजे हुतंस. मग कळली असती गर्दी.”

चौतीस वर्षं पुंजाराम नगरच्या एका कारखान्यात गणपतीचे डोळे आखत होता. सोंड, कान, पितांबर, दागिने कुणीही रंगवो, डोळ्यांना हात लावायचा तो त्यानेच. सकाळी आंघोळ करून, चहाचा घोटही न घेता बसायचा. श्वास रोखून बुबुळ ठेवायचा, मग ब्रश खाली ठेवून हात जोडायचा. हात जोडले की मूर्ती पुरी झाली. दुकानाच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, बाप्पा आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. हे आपल्यामुळे होतं, असं चारचौघांत सांगायला पुंजाराम मुळीच लाजायचा नाही.

गेल्या भाद्रपदात एका मंडळाची मोठी मूर्ती परत आली. पोरं म्हणाली, बाप्पा आमच्याकडे बघतच नाही, भिंतीकडे बघतोय. मालक हनुमंतशेठ भला माणूस, आवाज चढवला नाही. “पुंजाराम, आता जरा आराम करा,” एवढंच म्हणाला. त्या आरामाने पुंजाराम निम्मा झाला. मग एक दिवस गुपचूप, एकटाच, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. उजवा गेल्यातच जमा, गेलेलं परत येत नाही, डाव्यात राहिलंय तेवढं सांभाळा. घरी येऊन त्याने निकिताला सांगितलं, “नंबर वाढलाय जरासा.” आणि थेंबांची बाटली देवाच्या फळीवर, फोटोमागे दडवली.

अशात रमीज घरी आला. चांदभाईचा मुलगा. चांदभाई त्याच कारखान्यात साचे करायचा, आता तो नाही. रमीजने घरात थ्री-डी छपाईचं मशीन बसवलं होतं, त्यातून हे छोटे शिपाई निघायचे आणि असल्या प्रदर्शनांत तो ते विकायचा. यंदा त्याला खर्ड्याची लढाई मांडायची होती, एकीकडे मराठे, एकीकडे निजाम. “चाचा, हे साठ रंगवून द्या,” तो म्हणाला, “जमलं तर पुढं कामच काम आहे.”

पुंजारामच्या मनाने घेतलं की हनुमंतशेठ चुकला, मंडळ चुकलं, डॉक्टरही माणूसच, तोही चुकला असेल. हे साठ चेहरे जमले तर आपण अजून आहोत. नाही जमले तर? तो विचार आला की तो उठून ब्रश धुवायला लागायचा.

रमीजचं टेबल पार टोकाला होतं. तिथवर दोन्ही हातांना दुकानं. एकाकडे लढाईचा डाव खेळायचे नुसते फासे, परातीत ओतलेले, लाल-निळे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे चमकणारे. एकाकडे बाभळी, काट्यांसकट, एक एक वीतभर. गुंडाळलेल्या चटया, कुणाला वाळवंट पाहिजे, कुणाला बर्फ. एक जण नुसती पडकी घरं विकत होता. छप्पर उडालेली, भिंती ढासळलेली.

“धड घर न्हाई का एखादं?” पुंजारामने विचारलं.

“काका, लढाईत धड घरं कुठली राहतात?” दुकानदार हसला. “आणि पडकी करायलाच जास्त मेहनत लागते.”

हे पुंजारामला पटलं. कारागिराचं बोलणं होतं ते. पुढच्या दुकानात कपाळाला बांधायची भिंगं टांगलेली होती, वर छोटा दिवा. तिथली बाई म्हणाली, “काका, घालून तर बघा. राईवर नाव लिहाल!”

“मला भिंग लागत न्हाई, बाई. चौतीस वर्षं उघड्या डोळ्यांनी काम केलंय.”

“चला अण्णा, उशीर होतोय,” निकिता म्हणाली आणि आता मात्र तिने त्याचं कोपर धरलंच.

रमीजच्या टेबलावर खर्ड्याचा किल्ला उभा होता, समोर माळ, ओढा, तोफा. पुंजाराम मूळचा जामखेडकडचा. त्याने माळावर हात फिरवला नि खेकसला, “अरे, आमच्या माळावर एवढं हिरवं गवत? कधी गेल्तास का तिकडं?”

“चाचा, पिवळं गवत संपलं होतं,” रमीज कान पकडून म्हणाला. “दाखवा, माझी फौज दाखवा.”

खोकं उघडलं. पुंजारामने एक एक शिपाई काढून मांडायला घेतला. पगड्या, शेले, कमरबंद, घोड्यांची खोगिरं, रंग असे बसले होते की शेजारच्या टेबलावरची माणसं येऊन वाकून बघू लागली. पुंजारामची छाती फुगली. शेवटचा एक, घोड्यावरचा सरदार, त्याने रुमालात गुंडाळून खिशात ठेवला होता. तो सगळ्यांत साधला होता. तो सर्वांत शेवटी, सगळ्या फौजेच्या पुढे, स्वतःच्या हाताने ठेवायचा होता.

“चाचा,” रमीज एकदम म्हणाला, “ह्या बारा बंदूकवाल्यांना डोळे नाहीत.”

“कसे असतील? खंडित हायेत ते. खंडित मूर्तीला डोळे आखत न्हाईत, तुझ्या बापाला विचारलं असतंस तर त्यानंही सांगितलं असतं. आधी हातपाय पुरे, मग डोळे.”

“खंडित? कुठं खंडित?”

“हात तुटलेले हुते की बाराच्या बारा! पुडीत वेगळे पडले हुते. तू घाईत आपटलं असशील.”

रमीजने कपाळाला हात लावला. “या अल्ला! चाचा, हात वेगळेच येतात. बंदुकीसकट. चिकटवायचे असतात. कुठायत ते?”

पुंजारामने निकिताकडे बघितलं. निकिताने छताकडे.

“सीनेत सोडले,” पुंजाराम हळूच म्हणाला. “नीट सोडले. हळदीकुंकू वाहून.”

रमीज खाली बसून हसला. बघ्यांना कळेना काय झालं, तेही हसले. सीना नदीत जेमतेम घोटाभर पाणी, त्यात निजामाच्या बारा बंदुका हळदीकुंकवासकट बुडालेल्या! पुंजारामलाही हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी तो असा पोट धरून हसला.

“जाऊ दे. जखमी म्हणून मागं बसवतो,” रमीज डोळे पुसत म्हणाला. मग त्याने उरलेल्यांतला एक शिपाई उचलला, दिव्याखाली धरला. दुसरा उचलला. तिसरा. हसू कुठल्या कुठे गेलं.

“काय रं? बोल की.”

“रंग एक नंबर, चाचा. आईशप्पथ. पुढचे शंभर आणलेत मी, घेऊन जा.” त्याने टेबलाखालून पिशवी काढली. “फक्त एक करा. डोळे नका काढू. ह्या बारांसारखंच, कोरं ठेवा. लोक तीन फुटांवरून बघतात, डोळे कुणाला दिसतात?”

पुंजारामने पिशवी मागे सारली.

“डोळे नको? अरे, मग काय फक्त कपडे रंगवू? डोळे न्हाईत तर मूर्ती पुरी कधी झाली म्हणायचं? हात कधी जोडायचे?”

“ह्या मूर्ती नाहीत ना चाचा, खेळणी आहेत.”

“तुझा बाप असता तर तुझ्या थोबाडीत दिली असती!” पुंजाराम ओरडला. “चौतीस वर्षं मी डोळे आखले. दुसरं मला येतं काय? पगड्या काय, कुणीही रंगवतं!”

“अण्णा,” निकिता जमिनीकडे बघत म्हणाली, “तो काम देतोय ना. घ्या की. डोळ्यांचा कशाला एवढा हट्ट?”

लेकीच्या तोंडून हे ऐकलं आणि पुंजारामच्या जिवाला लागलं. तो वळला आणि चालायला लागला. दोघातिघांना उजवा खांदा लागला, एका पोराचे फासे सांडले. सरदार तसाच खिशात राहिला होता.

चहा प्यावा म्हणून निघालेला तो, भिंगांच्या दुकानापुढे थांबला. रागाने थांबला. म्हणे डोळे कुणाला दिसतात! आता बघतोच, आणि नेऊन त्याच्या नाकापुढे धरतो. “द्या बाई ते,” तो म्हणाला. बाईने पट्टा त्याच्या कपाळाला बांधला, दिवा लावला. पुंजारामने रुमाल सोडला आणि सरदार डाव्या डोळ्यासमोर धरला.

आधी पगडी दिसली. तुऱ्यातला सोन्याचा ठिपका. मग शेला, निऱ्यांची एक एक रेघ. मग त्याने चेहरा वर घेतला. उजवा डोळा गालावर होता. डावा भुवईच्या वर, पगडीच्या काठाला चिकटून. जिथे डोळे असायला हवेत तिथे कोरी कातडी होती, आणि नाकाच्या शेंड्यावर बुबुळाचा एक काळा ठिपका.

त्याने भिंग पुसलं. पुन्हा बघितलं.

“दिसतंय ना काका?” बाईने विचारलं.

“दिसतंय,” पुंजाराम म्हणाला. “चांगलं दिसतंय.” आणि त्याने पट्टा सोडून तिच्या हातात दिला. सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटी, श्वास रोखून हेच केलं होतं आपण. वर हातही जोडले होते. मंडळाची ती पोरं खरंच बोलत होती, आणि आपण त्यांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या!

तो परत फिरला. किल्ल्याच्या मागच्या बाजूने आल्यामुळे त्या दोघांना तो दिसला नाही. निकिता खुर्चीवर बसली होती. तिच्यापुढे फौज रांगेत उभी होती, आणि बारीक ब्रशने ती एकेका शिपायाच्या चेहऱ्यावर अंगाचा रंग लावत होती. डोळे बुजवत होती. ब्रश तिने त्याच्यासारखाच धरला होता, करंगळी टेकवून. रमीज एक एक शिपाई तिच्या हातात देत होता.

“तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला वाटलं, थोडंफार असेल,” रमीज म्हणाला. “परत येऊन चाचांनी बघितलं तर?”

“न्हाई कळायचं त्यांना.” निकिताने नाक ओढलं. “थेंबांची बाटली मला कवाच सापडली हुती. समोरचा चहाचा कप हाताला लागत न्हाई त्यांच्या, दादा. मी रोज कप त्यांच्या हाताशी सरकवते, त्यांना वाटतं तो तिथंच हुता.”

पुंजाराम उभा राहिला. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. एकेक शिपाई कोरा होऊन माळावर जात होता, आणि खरं सांगायचं तर बरा दिसत होता. तीन फुटांवरून कुणालाही वाटावं, सगळे समोर बघतायत.

मग तो पुढे झाला. निकिता दचकली, तिच्या हातातला ब्रश पडला. “अण्णा, मी नुसतं...”

“असू दे.” त्याने टेबल चाचपत ब्रश शोधला. दोनदा हात रिकामा फिरला. तिने ब्रश त्याच्या बोटांशी सरकवला आणि या वेळी त्याला ते कळलं. त्याने तो उचलून तिलाच दिला.

मग खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि सरदार तिच्यापुढे ठेवला.

“हा एक राहिला,” तो म्हणाला. “याचे पण बुजव.”